घर क्रमांक दोनशे चौदा

१

थडी जांभळीच्या ग्रामपंचायतीत सुगत खंदारे लिपिक होता. गावातलं कुठलंही घर त्याला आधी नोंदवहीत दिसायचं आणि मग रस्त्यावर. कुणी म्हटलं, "सुगतभाऊ, ते पारापल्याडचं घर," की हा डोळे मिटून सांगणार, "एकोणनव्वद. दगडमाती, वर पत्रे, दोन खोल्या, नळ आहे, संडास नाही." सतरा वर्षं हेच केलं होतं. लोक त्याची टिंगल करायचे, पण अडलं की त्याच्याकडेच यायचे.

मार्च महिना होता. पंचायतीसमोरच्या लिंबाखाली घरपट्टीवाल्यांची गर्दी. त्यातून नर्मदाबाई हातात आठचा उतारा, म्हणजे आपल्या घराच्या नोंदीची नक्कल, घेऊन थेट टेबलापाशी आल्या. पासष्टीच्या बाई, जीभ मोठी तिखट.

"लेकरा, ह्ये वाचून दाव. मला काई समजंना."

"सोपं हाय, मावशी. हा पहिला रकाना मालकाचा. इथं तुमच्या मालकांचं नाव हाय."

"आरं, त्याला जाऊन सहा वर्सं झाली की!"

"वारसाचा अर्ज कुठं दिलात तुमी? तोवर तेच मालक. आता हा दुसरा रकाना, भोगवटादार. म्हणजे घरात खरंच कोण ऱ्हायलंय ते. इथं तुमचं नाव."

"आन् हितं चुकून त्याचंच नाव पडलं आसतं तर?"

"तर तेच ऱ्हायले असते घरात. पंचायतीच्या लेखी."

"नगं रं बाबा! जित्तेपनी लय छळलं त्यानं," असं म्हणून नर्मदाबाई खदखदून हसल्या, बाकीचेही हसले. सुगतही हसला. पुढे कितीतरी दिवस त्याला आपलं ते हसणं आठवत राहिलं.

त्याच आठवड्यात वरून पत्र आलं होतं. गावातल्या प्रत्येक घराच्या दाराचा फोटो मोबाईलच्या ॲपमध्ये टाकायचा, मुदत शुक्रवारपर्यंत. ज्या घराचा फोटो नाही ते घर बोगस, ते नोंदवहीतून काढायचं. नोंदवहीत तीनशे बारा घरं. सुगत आणि शिपाई सटवाजी तीन दिवस उन्हातान्हात दारं धुंडत फिरले.

गुरुवारी दुपारी सुगत यादी तपासायला बसला. तीनशे अकरा घरांपुढे हिरवी खूण हवी होती आणि एका घरापुढे नको होती. ती कोणत्या घरापुढे नसणार हे पंचायतीत फक्त त्यालाच माहीत होतं. पण यादीत दोनशे चौदापुढेही हिरवी खूण होती.

त्यानं फोटो उघडला. निळं दार, बाहेरून लोखंडी कडी. उंबऱ्यापुढे सडा टाकलेला, अजून ओला. चौकटीवर पिवळ्या रंगात २१४. त्यातल्या चारचं शेपूट लांब ओढलेलं होतं. गावातल्या दारांवर नंबर सुगतच घालायचा, आणि असा चार त्याच्याशिवाय कुणी काढत नसे.

थडी जांभळीत दोनशे चौदा नंबरचं घरच नव्हतं.

२

आठ वर्षांपूर्वी फेरआकारणी झाली होती. ती चार वर्षांनी एकदा होते. नियमाप्रमाणे टेप घेऊन घरोघर जायचं, लांबीरुंदी मोजायची आणि नव्या नोंदवहीत लिहायची. खरं सांगायचं तर मोजायला जातो कोण? जुनी वही डाव्या हाताला, नवी उजव्या हाताला, आणि बसल्या जागी उतरवून काढायचं. सगळीकडे हेच चालतं. सुगतनं नंबर टाकायच्या मशीननं आधी सगळे आकडे छापून घेतले आणि मग नावं उतरवली. उतरवताना नजर सरकली, जुनं दोनशे चौदा पुढच्या ओळीत गेलं आणि दोनशे चौदाची ओळ कोरीच राहिली.

ऑडिट चार दिवसांवर आलेलं. कोरी ओळ सापडली की झडती. तेव्हाचे ग्रामसेवक म्हणाले, "काहीतरी टाक रे तिथं. पुढच्या खेपेला काढून टाकू."

तो महिना सुगतचा कसा चालला होता ते त्यालाच ठाऊक. परभणीच्या दवाखान्यात त्याच्या बायकोला, बबिताला, मुलगी झाली आणि दीड दिवस जगली. जन्माच्या दाखल्यावर नावाच्या जागी नुसतं 'बाळ' होतं, मृत्यूच्या दाखल्यावरही तेच. घरी आल्यावर बबिता बरेच दिवस बोलली नाही. बोलली तेव्हा म्हणाली, "साऱ्या गावाची नावं लिवता तुमी. तिचं कुटंच न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्यानं दोनशे चौदाच्या ओळीत लिहिलं: मालक, धम्मशीला सुगत खंदारे. भोगवटादार, स्वतः. दोन खोल्या, वर पत्रे, नळ आहे. वीस बाय पंधरा. पूर्वेला एक खिडकी, कारण बबिताला तशी खिडकी हवी होती आणि स्वतःच्या घरात ती कधी काढता आली नव्हती. शेजारच्या चौकोनात त्यानं ठिकाण टाकलं: दोनशे तेरा आणि दोनशे पंधराच्या मधे.

संध्याकाळी त्यानं बबिताला सांगितलं. ती पदर तोंडात कोंबून रडली. मग डोळे पुसून तिनं विचारलं, "दार कोंच्या रंगाचं हाय?"

"रंगाचा रकाना नसतो गं."

"निळं असू द्या," ती म्हणाली.

पुढच्या खेपेला ते घर काढून टाकायचं होतं. चार वर्षांनी पुढची खेप आली तेव्हा सुगतनं ती ओळ जशीच्या तशी नव्या वहीत उतरवली. हात धजला नाही, दुसरं काय! यंदाच्या खेपेला वही उतरवायची नव्हती, दारांचे फोटो हीच फेरआकारणी धरायची होती. दरवर्षी मार्चात तो त्या घराची पट्टी गुपचूप भरायचा, आणि पावती बबिता पेटीत साड्यांखाली ठेवायची.

३

"सटवाजी, ह्यो फोटो कुणी घेतला?"

सटवाजीनं चष्मा कपाळावर ढकलून मोबाईल डोळ्यापाशी नेला. "तुमच्याच नावावर दिसायलाय की, सायब. मला कुठं त्ये जमतंय? झकास रंगिवलंय पर दार. कुनाचं हो?"

सुगतनं मोबाईल परत घेतला. फोटोखाली जागेची खूण होती. ती पडली होती दोनशे तेरा आणि दोनशे पंधराच्या, म्हणजे नर्मदाबाईंच्या आणि बन्सीधरच्या घराच्या मधे. बन्सीधर पाच वर्षांपूर्वी कुलूप लावून पुण्याला गेलेला. ह्या दोन घरांमधे एक बोळ होता, बास.

टेप घेऊन तो भर दुपारी तिथं गेला. आयुष्यात पहिल्यांदा तो खरंच मोजायला निघाला होता. बोळाची रुंदी तीन फूट एक इंच. खोली अकरा फूट, पुढे आडवी दगडी भिंत. खाली नाली, एक फुटकं घमेलं, भिंतीवर शेवाळ. त्यानं दोनदा मोजलं. कुठल्या तरी दुसऱ्या दाराचा फोटो चुकून इथं लागला असणार, त्यानं स्वतःला समजावलं. गावात निळी दारं नऊ होती, ती नऊच्या नऊ त्याला पाठ होती. त्यातल्या एकाचीही कडी तशी नव्हती.

"कोन हाय?" नर्मदाबाई ओसरीवरून ओरडल्या. "सुगत व्हय? आरं, बन्सीधर आलाय का?"

"न्हाई मावशी. कुलूप तसंच हाय."

"मंग दुपारची भांडी कोन वाजवायलंय? महिना दीड महिना झाला. कुकरच्या शिट्ट्या व्हत्यात. एक बाई हासती. आन् तिच्यासंगं एक पोर."

"बन्सीधरच्या घरातून?"

नर्मदाबाई उठून भिंतीपाशी गेल्या आणि त्यांनी तळहात टेकला. बन्सीधरचं घर त्या बाजूला होतंच, पण मधे बोळ होता, आणि हात टेकलेल्या भिंतीमागे तर बोळच. "हितनं," त्या म्हणाल्या. "आगदी हितनं. हात लावला की ऊन लागतंय बग."

सुगतनं हात लावला. मार्चातल्या उन्हात कुठलीही भिंत तापते, हे त्यानं स्वतःशी दोन वेळा म्हटलं. ती भिंत सावलीत होती.

४

बबिता दोन महिन्यांपासून बदलली होती. ती केसांना तेल लावायला लागली, पातळं इस्त्रीची नेसायला लागली, चूल सारवताना गुणगुणायला लागली. आठ वर्षं घरात मुक्यानं वावरणारी बायको हसायला लागली तर कुठला नवरा चौकशी करतो? सुगतला आनंद झाला होता. इतका झाला होता की तो कशामुळे झाला हे विचारायचं त्यानं टाळलं.

त्या गुरुवारी सुगत बोळावरून घरी गेला आणि ती दीड वाजता आली. पातळाचा काठ ओला होता. तिनं त्याला भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली आणि स्वतः पाणी पीत बसली.

"तू न्हाई जेवत?"

"मी जेवून आले."

"कुठं?"

"बचत गटाच्या बैठकीला." मग थोडं थांबून, "अवो, उद्या सायब येनारेत म्हनं. कुनाची घरं काढायलेत का?"

"बोगस असतील तेवढी."

"ऱ्हातं घर बोगस कसं असंल?" ती म्हणाली. अगदी साध्या आवाजात म्हणाली. ती दुसरी भाकरी वाढताना सुगतला तिच्या नखात अडकलेला रंग दिसला. निळा.

तिच्या पाठीमागे खुंटीला सोनपेठच्या बाजाराची पिशवी होती. तिच्यातून लहान चपलांचा जोड डोकावत होता. लाल पट्ट्यांच्या, आठ वर्षांच्या पोरीला बसतील एवढ्या. त्याची नजर तिकडे गेलेली बघून बबिता म्हणाली, "भाचीला घेतल्यात." बबिताला ना भाऊ होता ना बहीण.

विचारायला हवं होतं. हात धरून, खाली बसवून विचारायला हवं होतं. पण सुगत घाबरला. तिनं खोटं सांगितलं तर काय ही भीती होतीच, पण ती खरं सांगेल ह्याची त्याला जास्त भीती वाटली. तो तसाच हात धुऊन पंचायतीत परत गेला.

कपाट उघडून त्यानं नोंदवही काढली. दोनशे चौदा. मालक, धम्मशीला सुगत खंदारे. भोगवटादाराच्या रकान्यात त्यानं 'स्वतः' लिहिलं होतं. आता तिथं 'स्वतः व आई' असं होतं.

अक्षर त्याचंच होतं. शाई चार वर्षं जुनी, आजूबाजूच्या ओळींइतकीच विटलेली. खाडाखोड नाही, दाटीवाटी नाही. आपणच लिहिलं असेल, तो म्हणाला. नोंद उतरवताना मन थाऱ्यावर नव्हतं, आपणच लिहिलं असेल आणि विसरलो असू. त्यानं वही मिटली आणि कपाटाला कुलूप घातलं, आणि कुलूप लागलंय ना हे तीनदा ओढून बघितलं.

५

शुक्रवारी बारा वाजता विस्तार अधिकारी चंद्रभान साहेब आले. माणूस वाईट नव्हता. चहा घेतला, पंख्याखाली बसले, सुगतच्या कामाची तारीफ केली. "जिल्हा परिषदेत घ्यायच्या यादीत तुमचं नाव वर आहे, खंदारे. एवढी नोंदवही स्वच्छ निघाली की काम झालं." मग त्यांनी मोबाईलवर बोट फिरवत पाच घरं निवडली. ती प्रत्यक्ष बघायची होती.

"हे दोनशे चौदा. छान रंगवलंय हो! चला, आधी हेच दाखवा."

घर नाही म्हणावं तर खोटी नोंद केल्याबद्दल नोकरी जाणार, वर गुन्हा. आहे म्हणावं तर साहेबांना घेऊन त्या बोळापाशी जायचं. आणि तिथं खरंच दार असलं तर? घर नसलं तर काय होईल हे त्याला माहीत होतं. घर असलं तर काय, हा विचार त्याला सहन होईना.

"दुबार नोंद झालीय, साहेब," तो म्हणाला. "फोटो दुसऱ्याच घराचा लागलाय."

"मग काढा की. आत्ताच काढा, माझ्यासमोर. ठराव मागाहून घेता येईल."

सटवाजीनं वही आणून ठेवली. सुगतनं लाल पेन घेतलं, पट्टी ठेवली आणि रेघ ओढायला सुरुवात केली. धम्मशीला हे नाव पार झालं. खंदारे पार झालं. 'स्वतः' पार झालं आणि हात थांबला. साहेबांनी घड्याळ बघितलं. सुगतनं 'व आई'वरूनही रेघ नेली.

त्याच क्षणी खालच्या आळीतून, नर्मदाबाईंच्या घराच्या बाजूनं, ताट पडल्याचा आवाज आला. ताट खूप वेळ गोल फिरत राहिलं आणि मग कुणीतरी वरून हात ठेवावा तसं थांबलं.

"कुत्रं शिरलं आसंल कुनाच्या घरात," सटवाजी म्हणाला.

तेव्हा एकला वीस मिनिटं कमी होती. साहेबांनी रेघेखाली सही केली आणि वही तपासणीसाठी तालुक्याला नेली.

६

जीप वळायच्या आत सुगत पळत सुटला. त्याच्या घराला बाहेरून कडी होती. आत चूल थंड. खुंटीवरची पिशवी रिकामी. तो तसाच मागे फिरला आणि खालच्या आळीत आला. नर्मदाबाई रस्त्यावर उभ्या होत्या.

"आत्ताच भांडी वाजायली व्हती रं. एकदम बंद झालं. आन् कुनीतरी हाक मारली बग. तुज्या नावानं."

बोळाच्या तोंडाशी चपला होत्या. दोन जोड, शेजारी शेजारी, टाचा बाहेर करून नीट ठेवलेल्या. एक बबिताचा, अंगठा शिवलेला. दुसरा लहान, लाल पट्ट्यांचा.

सुगतनं आत बघितलं. अकरा फुटांवरची भिंत त्याला दिसेना. भर दुपार असून आत अंधार होता, आणि अंधाराच्या टोकाला, लांब, निळं दार होतं. चौकटीवर दोनशे चौदा. त्या आकड्यावरून लाल रेघ मारलेली, पट्टीनं मारल्यासारखी सरळ, आणि तिचा रंग अजून खाली ओघळत होता. दार लागत चाललं होतं. फटीतून चार बोटं बाहेर आलेली होती, दार धरून ठेवणारी. त्यातल्या एका नखात निळा रंग होता. त्यांच्याखाली, कमरेच्या उंचीवर, आणखी चार बोटं होती, लहान.

"बबिता!" तो ओरडला.

बोटं आत गेली. कडी लागल्याचा आवाज आला. ती कडी दाराच्या बाहेरच्या बाजूला होती.

मग भिंत होती, शेवाळ होतं, फुटकं घमेलं होतं.

सोनपेठच्या ठाण्यात त्यानं हरवल्याची तक्रार दिली. लोक काय बोलायचं ते बोलले. वर्षभरात यादीतलं त्याचं नाव लागलं, येलदरीकडे नेमणुकीची ऑर्डर आली, पण तो गेला नाही. नवीन घराच्या नोंदीसाठी त्यानं तीनदा अर्ज केला. चंद्रभान साहेबांनी समजुतीनं सांगितलं, "खंदारे, दाराचा फोटो लागतो. नाहीतर फेरआकारणीपर्यंत थांबा." दाराचा फोटो तो कुठून आणणार? जुना फोटो ॲपमधून रेघेबरोबरच गेला होता.

तो रोज दुपारी बोळापाशी जातो. टेप लावतो. तीन फूट एक इंच, अकरा फूट. नर्मदाबाई म्हणतात, आता भांडी वाजत नाहीत, कुणी हसत नाही, नुसतं भिंतीवर आतून तीनदा वाजतं, एकला वीस कमी असताना. सुगत बाहेरून तीनदा वाजवतो. मग खाली बसून तो चपलांवरची धूळ पुसतो. त्या त्यानं जागच्या हलवल्या नाहीत आणि कुणाला हलवू दिल्या नाहीत.

बबिताच्या उन्हानं तडकल्या आहेत, पण आहेत तेवढ्याच आहेत. लाल पट्ट्यांच्या मात्र वाढल्या. गेल्या मार्चात त्या त्याच्या हाताच्या वितीत मावायच्या, आता बोटभर बाहेर येतात.

फेरआकारणीला अजून तीन वर्षं आहेत. तोवर पोरीला आईच्या चपला बसायला लागतील.